लेझमीच्या रांगेत आपलं नाव

रात्रपाळी करून घरी आलेल्या बाईला कुणी नावाने हाक मारत नाही. दवाखान्यात ती ‘सिस्टर’, घरात ‘मम्मी’, गल्लीत अमक्याची आई. नोकरीत असताना आमचं नाव आम्हाला दिसायचं ते हजेरीपटावर सही करताना. साफसफाईला, धुण्याभांड्याला जाणाऱ्या आपल्या बायांचंही तेच.

जयंतीच्या मिरवणुकीसाठी आम्ही वस्तीतल्या बायकांनी लेझीम शिकायला घेतली. पहिल्याच संध्याकाळी शिकवणाऱ्या ताईंनी रांगेत एकेकीचं नाव विचारलं. साठी ओलांडलेल्या एक आजी अडखळल्या. म्हणाल्या, “लग्नात ठेवलेलं सांगू का माहेरचं?” ताई म्हणाल्या, “तुम्हाला आवडेल ते.” आजींनी माहेरचं सांगितलं. त्यांच्या सुनेनेही ते पहिल्यांदाच ऐकलं.

विहारातल्या एका काकांना हे रुचलं नाही. “तमाशातलं नाचणं आपल्या माणसांनी कष्टाने सोडलं. आता पुन्हा बायांना नाचवता?” हे बोलणं आम्ही हसण्यावारी नेलं नाही. पोटासाठी दुसऱ्यापुढे नाचावं लागणं ही जुनी जखम आहे. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले, तेव्हा ढोलकी ठेवली आणि हेतू बदलला. लेझीम तर तालमीतली, शाळेच्या मैदानावरची कसरत. 1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनातही ती झाली. आम्ही काकांना एवढंच म्हटलं, “इथे कुणी पैसे फेकत नाही, आणि जिला नको वाटेल ती घरी जाते.” काकांना सगळं पटलं असं नाही. पण सरावाच्या वेळी ओट्यावरचा दिवा आता तेच लावतात.

दिवसभर उभं राहिलो, वाकलो म्हणजे व्यायाम झाला, असं आपण समजतो. कामात तेच तेच स्नायू ताणले जातात, बाकीचे आखडतात. लेझमीत खांदे, कंबर, मांड्या, पोटऱ्या सगळं हलतं, दमही वाढतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागला की वेग बरोबर आहे असं समजावं.

आधी पाच-सात मिनिटे खांदे, मान, घोटे सैल करा. लेझीम हलकी घ्या. गुडघे दुखत असतील तर ‘आगे फलांग’ सोडून द्या, जागेवरचे हात करा. रक्तदाब, साखर, हृदयाचा त्रास किंवा पोटात बाळ असेल तर डॉक्टरांना विचारूनच या. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. “जयंती जवळ आली” म्हणून अंगावर काढू नका.

आणि चपला घालून फलांग मारू नका. आम्ही नर्स असून सिमेंटच्या गल्लीत ते केलं आणि आठ दिवस सुजलेला घोटा घेऊन बसलो. बायकांनी आमचीच फिरकी घेतली.

आजींची साखर वाढलेली आहे. गोळी घेऊन, थोडं खाऊन त्या येतात. फलांग करत नाहीत. परवा नातवाने “आजी, आजी” म्हणून दोनदा हाक मारली, त्यांचं लक्ष नव्हतं. ताईंनी माहेरचं नाव घेतलं तशा त्या रांगेतून पुढे आल्या आणि ‘चार आवाज’ आमच्याआधी पूर्ण केले.