ढगांचा फोटो थेट आपल्या स्लॅबवर : दोन काड्यांचा अँटेना



सदलग्यात ऊन असतं तरी दूधगंगा चढत असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पाऊस पडतो तिकडं घाटात. काळम्मावाडीतून विसर्ग वाढतो, वेदगंगेचं पाणी येऊन मिळतं, आणि रात्री लावलेली जाळी सकाळी जाग्यावर नसतात. 2019 चा महापूर कोण विसरेल? अशा वेळी नेमकी रेंज जाते आणि मोबाइलवरचं हवामान बंद पडतं.

पण ढगांचा फोटो इंटरनेटशिवायही मिळतो. रशियाचे मेटिओर-एम जातीचे हवामान उपग्रह सुमारे 820 किलोमीटर उंचीवरून जाता जाता चित्र खाली सोडत असतात. ते कुणीही घ्यावं, पैसे नाहीत. एका चित्राची रुंदी सुमारे 2800 किलोमीटर, म्हणजे अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत सगळं एका नजरेत.

अँटेना घरीच होतो :

1. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन काड्या घ्या, प्रत्येकी 53.4 सेंटीमीटर.
2. लाकडी पट्टीवर इंग्रजी 'व्ही'सारख्या आडव्या बसवा. मधला कोन 120 अंश. काड्या एकमेकींना चिकटू देऊ नका.
3. डिश टीव्हीची केबल घ्या. आतली तार एका काडीला, वरची जाळी दुसऱ्या काडीला.
4. स्लॅबवर उघड्या जागी, 'व्ही'चं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करून ठेवा. पत्र्याला खेटून नको.
5. केबल आरटीएल-एसडीआर डोंगलला आणि डोंगल लॅपटॉपला जोडा. सॅटडंप हे प्रोग्रॅम फुकट मिळतं. फ्रिक्वेन्सी 137.9 किंवा 137.1 मेगाहर्ट्झ.

उपग्रह डोक्यावरून दहा-बारा मिनिटांत निघून जातो, तेही दिवसात मोजक्याच वेळा. म्हणून रेंज असतानाच पुढच्या दोन-चार दिवसांच्या वेळा काढून ठेवा, लॅपटॉप चार्ज ठेवा. जुन्या व्हिडिओत नोआ 15, 18, 19 दाखवतात. ते 2025 मध्ये बंद झाले, त्यांच्या नादी लागू नका. आणि विजा कडाडत असतील तर स्लॅबवर जायचं नाही, केबल काढून ठेवायची.

आता महत्त्वाचं. फोटोत घाटावर दाट पांढरे ढग सलग दोन-तीन वेळा दिसले तर सावध व्हा, जाळी काढून घ्या, नाव वर ओढून बांधा. पण आभाळ मोकळं दिसलं म्हणून नदीत उतरू नका. ढग पांगल्यावरही धरणाचा विसर्ग चालूच असतो, आणि नदी किती चढली ते फोटो सांगत नाही. त्यासाठी विसर्गाची सूचना आणि पुलाजवळची पाण्याची खूणच बघायची.

फोटो जाळी काढायला सांगेल. नाव पाण्यात घालायला नाही. एवढं ध्यानात ठेवा.