पार्श्वदीप्ती, चांचल्य आणि संकेत : हळदीतील अफ्लाटॉक्सिनच्या शोधाच्या निमित्ताने

शास्त्रीय नावांत काही वेळा पदार्थाच्या शोधाची रीतच साठवलेली असते. इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्याचे कारण शेंगदाण्याच्या बुरसट पेंडीत सापडले. ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीच्या नावातील अक्षरे घेऊन त्या विषास ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हणण्यात आले. जंबुपार प्रकाशात त्याचे काही प्रकार निळे तर काही हिरवे उजळतात, म्हणून ‘ब्ल्यू’ आणि ‘ग्रीन’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना बी आणि जी ही नावे मिळाली. आखूड तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणे, या गुणासच प्रतिदीप्ती म्हणतात. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. तथापि या प्रतिदीप्तीच्या मापनात जी अडचण येते ती अंशतः परिभाषेची असल्यामुळे हा विवेचनाचा प्रयत्न केला आहे.

हा प्रश्न आपल्या भागास परका नाही. वाई-कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी हळद पिकते. ‘सांगली हळद’ या नावास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शिजवलेली हळद नीट वाळली नाही, अथवा साठवणीत तिला ओल लागली, तर बुरशीस वाव मिळतो. हरिपूरची पेवे हा हळद कोरडी राखण्याचा जुना उपाय होय. २००५ च्या महापुराने त्यांतील अनेकांची हानी केली. युरोपीय संघाच्या नियमानुसार एक किलोग्रॅम हळदीत अफ्लाटॉक्सिन बी-१ हे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक असता कामा नये. त्याच किलोभर हळदीत शेकडा ३ या प्रमाणात कर्क्युमिन धरले तर ते ३० ग्रॅम भरते, म्हणजे विषाच्या अनुज्ञेय मात्रेच्या साठ लाख पट. आणि कर्क्युमिन हेही प्रतिदीप्तिमान द्रव्य आहे! म्हणून येथे मापनातील चूक दुहेरी महाग पडते. विष नसता ते आहे असे ठरले तर निर्दोष माल परत येतो. ते असून दिसले नाही तर ते खाणाऱ्याच्या पोटात जाते.

असे मापन ज्या उपकरणांनी करता येते त्यांपैकी एक म्हणजे केशनलिका-विद्युत्संचारण, अर्थात कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस. सुमारे ५० ते ७५ मायक्रोमीटर अंतर्व्यासाच्या काचनळीत द्रावण भरून तिच्या टोकांना वीस-तीस हजार व्होल्टचा दाब दिला असता द्रव्ये निरनिराळ्या वेगांनी सरकतात व एकापाठोपाठ एक शोधकासमोर येतात. जॉर्गेन्सन आणि लुकॅक्स यांनी १९८१ साली या रीतीस आजचे रूप दिले. अफ्लाटॉक्सिनच्या रेणूंवर विद्युत्प्रभार नसतो. म्हणून द्रावणात साबणासारख्या रेणूंचे पुंजके, म्हणजे मिसेल, निर्माण करून त्यांच्या आधारे ती वेगळी करावी लागतात. नमुना अवघा काही नॅनोलिटर असतो. त्यामुळे मिळणारा प्रकाशही अत्यल्प असतो, आणि तो कशातून वेगळा काढावयाचा हाच मुख्य प्रश्न उरतो.

येथे परिभाषेचा मुद्दा उपस्थित होतो. वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ साली, म्हणजे पहिल्या खंडाच्या अगोदर, प्रसिद्ध झाला. आधी संज्ञा निश्चित कराव्या, मग विवेचन करावे, हा क्रम येथेही हितकर आहे. प्रयोगशाळेत ‘नॉईज’ हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींस लावला जातो. नमुना नसतानाही शोधकावर पडणारा सरासरी प्रकाश ही ‘पार्श्वदीप्ती’ होय. त्या सरासरीभोवती क्षणोक्षणी होणारा चढउतार हे ‘चांचल्य’ होय. पहिली वजा करता येते. दुसरे वजा करता येत नाही. बोलीचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यास हा भेद परिचित आहे. पंख्याची एकसुरी घरघर कानाआड करता येते, भांड्यांचा खणखणाट करता येत नाही.

मात्र प्रकाशाच्या बाबतीत पार्श्वदीप्ती कधीच पूर्ण एकसुरी नसते. प्रकाश कणाकणांनी येतो, आणि त्याचे अटळ चांचल्य कणसंख्येच्या वर्गमुळाइतके असते. समजा, एका वाचनात पार्श्वदीप्तीचे १०,००० कण आले. चांचल्य १०० झाले. संकेताचे कण १५० असतील तर तो चांचल्याच्या केवळ दीडपट भरतो. तिपटीखालील संकेत विश्वसनीय मानू नये असा संकेतमापनाचा सामान्य दंडक आहे. आता वर्धकाने सर्वच दसपट केले तर संकेत आणि चांचल्य दोन्ही दसपट होतात, लाभ शून्य. लेसरची शक्ती चौपट केली तर गुणोत्तर केवळ दुप्पट होते, शिवाय तीव्र प्रकाशात रेणूंचा नाश होण्याचे भय असते. परंतु पार्श्वदीप्ती ९०० वर आणली की चांचल्य ३० होते, आणि तोच १५० कणांचा संकेत पाचपट उठून दिसतो. संकेत वाढविण्यापेक्षा पार्श्वदीप्ती घटविणे श्रेयस्कर, ते यामुळे.

ही पार्श्वदीप्ती येते कोठून? नळीवरील पॉलिइमाइडचे कवच स्वतः प्रतिदीप्तिमान असते. म्हणून शोधकापुढील काही मिलिमीटर कवच जाळून तेथे खिडकी करतात. नळीच्या भिंतींवरून लेसरचा प्रकाश विखुरतो. तो टाळण्यासाठी डॉव्हिची यांनी नळीच्या मुखाबाहेर, स्वच्छ द्रवाच्या वेष्टनात, मापन करण्याची रीत रूढ केली. पाण्यातील धूळ व अशुद्ध बफर द्रावण हीही कारणे असतात. त्यांवर उपाय शुद्ध पाणी आणि सूक्ष्म गाळणी.

मात्र पाणी कितीही शुद्ध केले तरी त्याचे रामन-प्रकीर्णन टळत नाही. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ज्याची नोंद केली तोच हा परिणाम होय. पाणी लेसरच्या तरंगसंख्येतून प्रतिसेंटीमीटर सुमारे ३,४०० वजा करून काही प्रकाश परत टाकते. गणित सोपे आहे. ३७५ नॅनोमीटरचा लेसर घेतला तर हा प्रकाश ४३० नॅनोमीटरच्या आसपास येतो, आणि अफ्लाटॉक्सिन बी-१ ची प्रतिदीप्ती नेमकी त्याच प्रदेशात असते. ३५५ नॅनोमीटरचा घेतला तर तो ४०४ वर, आणि ३२५ चा घेतला तर ३६५ वर सरकतो. मग प्रकाशगाळणीने तो अडविता येतो. अर्थात ३२५ नॅनोमीटरचा प्रकाश अफ्लाटॉक्सिन कमी शोषते. म्हणून लेसरची निवड ही नेहमी तडजोड असते.

राहिले कर्क्युमिन. त्याची प्रतिदीप्ती बहुतांशी ५०० नॅनोमीटरच्या पुढे असल्यामुळे गाळणी त्यास अडविते. विद्युत्संचारणाने ते काळाच्या दृष्टीनेही वेगळे होते. तथापि साठ लाख पट द्रव्याचा अल्पांश निसटला तरी पुरेसा होतो. म्हणून केवळ अफ्लाटॉक्सिन धरून ठेवणाऱ्या प्रतिपिंडांच्या स्तंभातून अर्क आधी शुद्ध करून घेणे अवश्य आहे. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्या कर्क्युमिनच्या प्रमाणावर हळदीची प्रत ठरते, त्याचाच प्रकाश येथे अडथळा ठरतो. प्रकाश स्वभावतः संकेत नसतो आणि अडथळाही नसतो. आपण कोणता प्रश्न विचारतो त्यावर ते ठरते.

विद्यार्थ्यांनी निदानासाठी पाच वाचने क्रमाने घ्यावीत : लेसर झाकून, रिकाम्या नळीवर, शुद्ध पाण्यावर, बफर द्रावणावर आणि शेवटी अफ्लाटॉक्सिनरहित हळदीच्या अर्कावर. लागोपाठच्या दोन वाचनांतील फरक पार्श्वदीप्तीची कोणती वाट कितपत मोकळी आहे ते दाखवितो. पहिलेच वाचन मोठे असेल तर दोष शोधकाचा; तेथे बफर बदलून उपयोग नाही. त्यानंतरच वाचनांची सरासरी काढून चांचल्य कमी करावे, पण सरासरीचा काळ शिखराच्या रुंदीहून बराच लहान ठेवावा. एरवी शिखरच पसरट होते. आणि अहवालात पार्श्वदीप्ती व चांचल्य हे दोन आकडे स्वतंत्र द्यावेत. ‘नॉईज कमी होता’ एवढ्या वाक्यावरून हळदीचे पोते स्वीकारणाऱ्यास वा नाकारणाऱ्यास काहीच पडताळून पाहता येत नाही. त्या दोन आकड्यांवरून ते येते.