कॉन्ट्रा परत आलाय, आणि सोबत रोबोही!

दिवाळीत भाच्याच्या स्विच कन्सोलवर ‘कॉन्ट्रा’ दिसला आणि हात आपोआप चालू लागला: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, स्टार्ट. ३० लाइफ! भाचा बघतच राहिला.

आपण पिवळी कॅसेट फुंकर मारून लावायचो, तोच हा गेम. कोनामीने २०१९ मध्ये ‘कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ काढलं. १९८७ चा आर्केडमधला मूळ गेम, सुपर कॉन्ट्रा, हार्ड कोअर, सगळं एकाच ठिकाणी.

खरी मजा आवृत्त्यांमध्ये आहे. जपानी फॅमिकॉम कन्सोलच्या गेममध्ये जंगलातली झाडं हलतात. अमेरिकेतल्या एनईएस कन्सोलवर ती ठोकळ्यासारखी उभी! युरोपात तर सैनिकांच्या जागी रोबो घातले आणि नाव ठेवलं ‘प्रोबोटेक्टर’. कलेक्शनमध्ये तेही आहेत.

हे चालतं एम्युलेशनवर. म्हणजे जुन्या मशिनची नक्कल नवं मशिन सॉफ्टवेअरने करतं. त्यामुळे कुठेही सेव्ह करता येतं. मला विचाराल तर ती चीटिंगच. (धबधब्याच्या लेव्हलला मीही केली.)

एक उणीव: जोडीदाराच्या लाइफ संपल्या की तो आपल्या चोरतो, ते मात्र अजून तसंच आहे.

तुमच्याकडे कुठली कॅसेट होती?