धारेविरुद्धची पकड

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोथेनबर्ग शहरात १९७०च्या दशकात शाळकरी मुलींच्या लघवीची तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरांना एक कोडं पडलं. हसत-खेळत शाळेत येणाऱ्या काही मुलींच्या लघवीत जिवाणू खच्चून भरलेले होते. त्यांना जळजळ नव्हती, ताप नव्हता, कसलीच तक्रार नव्हती. त्याच शहरातल्या रुग्णालयात मात्र दुसऱ्या काही मुली थंडी वाजून ताप भरलेल्या, कुशीत असह्य दुखत असलेल्या अवस्थेत दाखल होत होत्या. त्यांच्या मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचलेला असे. दोन्हीकडे सापडणारा जिवाणू बहुधा एकच होता : ई-कोलाय.

हा जिवाणू प्रत्येकाच्या आतड्यात असतो. थिओडोर एशेरिक या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. आतड्यात तो निमूट राहतो, पण तिथून मूत्रमार्गात शिरला की उपद्रव सुरू होतो. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गांपैकी साधारण तीन चतुर्थांश एकट्या ई-कोलायमुळे होतात. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब, पुरुषांचा वीसच्या आसपास. त्यामुळे निम्म्याहून अधिक बायकांना आयुष्यात एकदा तरी उन्हाळी लागते.

तरीही खरा प्रश्न जिवाणू आत शिरतो कसा हा नाही. तो आत टिकतो कसा, हा आहे. दिवसाकाठी दीड-दोन लिटर लघवी या वाटेने वाहते आणि सैल असलेलं सगळं बाहेर घेऊन जाते. जो चिकटू शकत नाही, तो राहू शकत नाही.

हे ओळखलं गोथेनबर्गच्याच कॅथरिना स्वानबोर्ग-एडेन या तरुण संशोधिकेने. तिची पद्धत विलक्षण साधी होती. निरोगी माणसाच्या लघवीतही अस्तराच्या काही पेशी गळून येतात. त्या गोळा करायच्या, त्यांत जिवाणू मिसळायचे, न चिकटलेले धुऊन टाकायचे आणि दर पेशीवर किती उरले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. १९७६ साली 'लॅन्सेट'मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. मूत्रपिंडाच्या दाहातून मिळालेले जिवाणू पेशींवर गर्दीने चिकटत होते, तर लक्षणं नसलेल्या मुलींचे जिवाणू फारसे चिकटतच नव्हते. जातीने एक असलेल्या जिवाणूंमधला फरक पकडीत होता.

पकड कशावर, याचं उत्तर रक्तगटांतून आलं. कार्ल लँडस्टायनर आणि फिलिप लेव्हिन यांनी १९२७ साली 'पी' नावाचा रक्तगट शोधला होता. रक्त देता-घेताना तो एबीओइतका महत्त्वाचा ठरत नाही, म्हणून तो एरवी कानावरही येत नाही. या गटाच्या खुणा म्हणजे पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांना जोडलेल्या शर्करेच्या साखळ्या. त्या तांबड्या पेशींवर असतात, तशाच मूत्रपिंडाच्या पेशींवरही भरपूर असतात. १९८०च्या सुमारास स्वीडनमधल्याच दोन गटांनी दाखवून दिलं, की मूत्रपिंडाला ग्रासणारा ई-कोलाय नेमक्या याच साखळीतली गॅलॅक्टोजची जोडगोळी धरतो. ही साखळी ज्यांच्या पेशींवर अजिबात नाही अशी माणसं जगात अत्यंत दुर्मीळ. उत्तर स्वीडनमध्ये त्यांचं प्रमाण त्यातल्या त्यात जास्त. त्यांच्या रक्तपेशी घेऊन पाहिलं, तर हे जिवाणू त्यांना चिकटेनात.

जिवाणूच्या अंगावरून निघालेल्या ज्या तंतूंनी ही पकड साधते, त्यांना मग पी-तंतूच म्हणू लागले. प्रत्येक तंतू हजारावर सारख्या प्रथिन-कणांचा मळसूत्री दांडा असतो. जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. टोकाला 'पॅप-जी' हे एकच प्रथिन, आणि शर्करा ओळखून धरायचं काम त्याचं. लघवीचा लोंढा आला की दांड्याचे वेढे सुटतात आणि तंतू मूळच्या कित्येक पट लांबतो; लोंढा ओसरला की पुन्हा वळतो. कारल्याच्या वेलीचा गुंडाळलेला ताणा वाऱ्यात जसा ताणला जातो, पण तुटत नाही, तसंच हे. हिसका दांडा सोसतो आणि टोकाची पकड शाबूत राहते.

मूत्राशयातली तऱ्हा निराळी. तिथे टाइप-१ नावाचे तंतू कामाला येतात. त्यांच्या टोकाचं 'फिम-एच' हे प्रथिन मॅनोज ही शर्करा धरतं. अमेरिकेतल्या सिॲटल इथल्या संशोधकांनी २००२ साली त्याचा एक थक्क करणारा गुण दाखवला : प्रवाह जितका ओढतो, तितकी ही पकड घट्ट होते आणि प्रवाह मंदावला की सैल पडते. म्हणजे लघवी होत असताना जिवाणू जागा सोडत नाही, आणि एरवी पुढे सरकायला मोकळा असतो. सेंट लुइसमध्ये स्कॉट हल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर काम करून पुढची पायरी उलगडली. चिकटलेला जिवाणू अस्तराच्या पेशीत शिरतो आणि आत वाढून दाट वसाहत करतो. शरीर त्या पेशीच झटकून टाकतं, पण काही जिवाणू खालच्या थरात दडी मारून राहतात. औषधाचा कोर्स पूर्ण करूनही महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तोच त्रास का होतो, याचं एक कारण इथे असावं. स्वच्छतेत कसूर केली, असा दोष अशा बाईला देणं अन्यायाचं आहे.

शरीरही चिकटण्याच्याच तत्त्वावर लढतं. मूत्रपिंड स्वतः युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन लघवीत सोडतं. त्यावर मॅनोज लगडलेलं असतं. फिम-एच तेच धरून बसतं आणि जिवाणू प्रथिनाच्या जाळ्यात अडकून बाहेर जातात. पण हेही काम धार वाहती असेल तरच होतं. बल्गेरियात वारंवार त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी जास्त पिणाऱ्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा.

हा आकडा वाचताना मुंबईची आठवण होणं अपरिहार्य आहे. २०११ साली इथे 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली ती बायकांना मोफत, स्वच्छ, सुरक्षित मुताऱ्या मिळाव्यात म्हणून. भाजी विकणारी, रस्ता झाडणारी किंवा दिवसभर दारोदार फिरून काम करणारी बाई आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट टाळते आणि लघवी तुंबवून धरते. जिवाणूला धुऊन काढणारी धारच त्यामुळे बंद होते. नुसतं 'भरपूर पाणी पी' असं तिला सांगणाऱ्या डॉक्टरने मुतारी कुठे आहे हेही विचारायला हवं.

चिकटणंच रोखलं तर? मॅनोजची पूड घेऊन जिवाणूला चकवावं, ही कल्पना प्रयोगशाळेत सुरेख वाटते. पण ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांवर झालेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही. क्रॅनबेरीच्या बाजूने पुरावा थोडा बरा आहे. सगळ्यांत लक्षवेधी प्रयोग मात्र गोथेनबर्गच्या मुलींपैकी एकीने दिला. तिच्या लघवीत तीन वर्षं सुखेनैव राहिलेला, '८३९७२' या क्रमांकाने ओळखला जाणारा ई-कोलाय तपासला, तेव्हा चिकटण्याच्या तंतूंची जनुकं त्याच्यात मोडून पडलेली आढळली. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसलेल्या काही रुग्णांच्या मूत्राशयात डॉक्टरांनी तो मुद्दाम सोडला. छोट्या चाचण्यांत या रुग्णांना लक्षणांसह होणारे संसर्ग कमी झाले.

आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टात मात्र आजही संख्याच छापली जाते. एका मिलिलिटरमध्ये एक लाख जिवाणू ही रेघ बोस्टनच्या एडवर्ड कॅस यांनी १९५०च्या दशकात आखली. ती उपयोगी आहे, पण जिवाणू चिकटणारा आहे की नुसता राहणारा, हे तिच्यातून कळत नाही. त्रास काहीच नसलेल्या आजीचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं, तेव्हा निरुपद्रवी जिवाणू मरतो आणि औषधाला दाद न देणाऱ्याला जागा मोकळी होते. असा निगरगट्ट जिवाणू म्हणजे काय, हे २००८ साली स्वीडनमध्येच दिसलं. नवी दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीतल्या क्लेब्सिएला जिवाणूत अतिप्रभावी अँटिबायोटिकही निष्प्रभ करणारं एनडीएम-१ हे विकर सापडलं. म्हणून आताचे नियम स्पष्ट आहेत : लक्षणं नसतील तर लघवीतल्या जिवाणूंवर औषध द्यायचं नाही. मुख्य अपवाद दोन. एक, मूत्रमार्गाची रक्तस्राव होण्याजोगी शस्त्रक्रिया व्हायची असेल तर. दुसरा, गरोदर बाई. तिच्या मूत्रवाहिन्या सैलावलेल्या असतात आणि खालचे जिवाणू मूत्रपिंडापर्यंत सहज चढतात, म्हणून तिची लघवी पहिल्या महिन्यांतच तपासायची आणि जिवाणू सापडले तर त्रास नसतानाही उपचार करायचे.