अल्प खर्चांत अचूक मल्टिमीटर कसा निवडावा

विहिरीवरील मोटर, ट्रॅक्टरची बॅटरी व सौर पंप यांच्या तपासणीकरितां मल्टिमीटर हें उपयुक्त साधन होय. तो घेतांना पडद्यावर आंकडे किती उमटतात, एवढेंच पुष्कळ लोक पाहतात. परंतु आंकडे अधिक म्हणजे माप अधिक खरें, असें नव्हे. पूर्वीं जमीनमोजणीच्या ३३ फुटी साखळीचे १६ आणे पाडलेले असत. साखळीच ताणलेली असली, तर आण्यापर्यंत लिहिलेलें मापहि खोटेंच ठरे.

यास्तव पुस्तिकेंतील अचूकतेचा तक्ता प्रथम वाचावा, अशी आमची शिफारस आहे. त्यांत ‘±(०.५% + ३)’ असा मजकूर असतो. पहिला भाग मापाच्या शेंकडेवारीनें होणारी चूक व दुसरा शेवटच्या अंकांतील चूक दर्शवितो. समजा, मीटर १२.६० व्होल्ट दाखवितो. त्याचे ०.५ टक्के म्हणजे ०.०६ आणि शेवटच्या अंकाचे ३ म्हणजे ०.०३, मिळून चूक ०.०९ व्होल्टपर्यंत. तेथें ‘±(१% + ५)’ असल्यास ती ०.१८ होते. १२ व्होल्टची साधी बॅटरी पूर्ण भरून विसावली असतां सुमारें १२.७ व अर्धी भरलेली असतां सुमारें १२.२ व्होल्ट दाखविते. म्हणजे सारा निवाडा अर्ध्या व्होल्टांत! २० व्होल्ट रेंजचा २००० काउंटचा आणि ६० व्होल्ट रेंजचा ६००० काउंटचा, हे दोन्ही मीटर येथें व्होल्टचा शंभरावा हिस्साच दाखवितात; तेव्हां या कामापुरते काउंटसाठीं अधिक पैसे देण्यांत हंशील नाहीं. तक्त्यांत ए. सी. व डी. सी. यांची अचूकता निरनिराळी असते, तीहि पाहावी.

मात्र सुरक्षिततेंत काटकसर करूं नये. ४१५ व्होल्टच्या स्टार्टरवर वापरावयाच्या मीटरवर व त्याच्या वायरींवर निदान ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ अशी खूण असावी. करंटच्या प्रत्येक भोंकास योग्य फ्यूज असावा. वायर त्या भोंकांत राहून व्होल्टेज मोजूं गेल्यास शॉर्ट होतो, आणि फ्यूज नसल्यास मीटर फुटून हात व डोळे भाजण्याची भीति असते. मोटरचा करंट क्लॅम्पमीटरनेंच पाहावा. सौर पॅनेलांचा डी. सी. दाब मीटरच्या मर्यादेंत आहे, याचीहि आधीं खात्री करावी.

सारांश, प्रथम सुरक्षितता, नंतर अचूकतेचा तक्ता व शेवटीं काउंट, या क्रमानें पैसा खर्च करावा. मीटर घेतल्यावर तो एखाद्या तपासलेल्या मीटरशीं एकदां अवश्य ताडून पाहावा.