ऊसतोडीच्या जिल्ह्यात प्रोग्रामिंगचा तास

बीड जिल्ह्याच्या शिवारात आता ठिकठिकाणी दिसणारी एक वस्तू म्हणजे पंपाच्या स्टार्टरशेजारी बसवलेली सिमकार्डाची पेटी. तिला मोबाइलवरून फोन लावला की विहिरीवरची मोटार चालू होते, एखादा फेज गेला किंवा पाणी तळाला जाऊन मोटार कोरडी फिरू लागली की ती आपोआप बंद पडते, आणि रात्रीच्या पाळीत वीज आली म्हणून बॅटरी घेऊन बांधाबांधाने जाण्याची शेतकऱ्याची खेप वाचते. माध्यमिक शाळेत प्रोग्रामिंग आणि रोबोटिक्स या नावांनी जे शिकवायचे असते, त्याचा गाभा या पेटीत आधीच हजर आहे: परिस्थिती मोजायची, मोजलेल्या आकड्यावरून निर्णय घ्यायचा आणि त्या निर्णयाप्रमाणे यंत्र चालवायचे.

यातील मोजणारा भाग म्हणजे सेन्सर, निर्णय घेणारा भाग म्हणजे मायक्रोकंट्रोलर, अर्थात एका चिपवर मावणारा छोटा संगणक, आणि त्याला क्रमाने दिलेल्या सूचना म्हणजे प्रोग्राम. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने उच्च प्राथमिक वर्गांपासून कोडिंगची, म्हणजे अशा सूचना लिहिण्याची, ओळख करून देण्याचे ठरवले. त्याआधीच, २०१६ मध्ये, नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅबची योजना आखली होती. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देणाऱ्या या योजनेतून देशभर सुमारे १०,००० प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, आणि २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली. साहित्य अशा रीतीने येत राहील. त्यातून काय करायचे हे मात्र गावानेच सुचवायला हवे, आणि ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे पहिला प्रयोग पाण्याचा असणे स्वाभाविक आहे.

हौदातील पाण्याची पातळी मोजण्यासाठी अल्ट्रासोनिक सेन्सर वापरता येतो, जो माणसाला ऐकू न येणारा ध्वनी खाली सोडतो आणि पाण्यावर आपटून परतलेल्या प्रतिध्वनीची वेळ टिपतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्यामुळे पाणी एक मीटर खाली असेल तर ध्वनीला जाऊन-येऊन दोन मीटर अंतर कापायला साधारण सहा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग सहा वेळा, लागतात. नववीच्या विज्ञानात वाचलेला प्रतिध्वनी इथे कामाला लागतो. खरे शिक्षण मात्र प्रयोग फसू लागतो तेव्हा सुरू होते. पाण्यावर तरंग उठले की आकडे उड्या मारू लागतात, म्हणून एका मोजणीवर न विसंबता पाच मोजण्या घेऊन त्यांतील मधला आकडा धरावा लागतो. आणि ठरावीक एकाच पातळीवर मोटार चालू-बंद करण्याची सूचना दिली तर त्या पातळीजवळ ती सारखी कुरकुरत राहते, म्हणून चालू करण्याची पातळी खालची आणि बंद करण्याची वरची अशा दोन खुणा ठेवाव्या लागतात. ही युक्ती फळ्यावरून सांगितल्यास विसरली जाते, पण मोटारीची खटखट कानाने ऐकून स्वतः चूक दुरुस्त करणारा विद्यार्थी ती विसरत नाही. अर्थात वर्गातील मोटार बॅटरीवर चालणारी खेळण्यातली असावी. विहिरीवरच्या थ्री-फेजच्या तारांना मुलांचा हात लागता कामा नये.

प्रोग्रामिंग शिकण्याचा दुसरा मार्ग म्हणजे संगणकावर खेळ रचणे. खेळाच्या या रचनेकडे पालक सहसा संशयाने पाहतात, कारण मुलांच्या हातातील मोबाइल त्यांना आधीच डोईजड झालेला असतो. परंतु खेळ खेळणे आणि खेळ रचणे यांत मोठे अंतर आहे. सापशिडी संगणकावर उतरवायची तर एक ते सहा यांतील यादृच्छिक, म्हणजे आधी सांगता न येणारा, आकडा निवडणे, सोंगटीचे घर लक्षात ठेवणे आणि घरानुसार तिला चढवणे किंवा उतरवणे एवढे सगळे नेमक्या शब्दांत लिहावे लागते. मोक्षपट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडल्या गेलेल्या या खेळात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत. शिड्या थोड्या आणि साप अधिक ठेवले तर खेळ किती लांबतो, हे हजार डाव संगणकाकडून खेळवून पाहणारा विद्यार्थी संभाव्यतेचा धडा नकळत शिकतो.

महाराष्ट्राला करून शिकण्याची ही वाट नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्याच्या विचारावर. तिथे घडलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे राज्यातील माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचला, आणि २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने पाबळलाच फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साह्याने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली. वेल्डिंग, शेती आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच छपराखाली शिकवणारी ही परंपरा बीडच्या शाळांना आयत्या रोबोट-संचापेक्षा कितीतरी जवळची आहे.

बीडची खरी अडचण वेगळीच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या ऊसतोड जोड्या, मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. लेकरे सोबत गेली तर शाळेचे निम्मे वर्ष फडात जाते. इतिहासाचा एखादा धडा मागाहून वाचून भरून काढता येतो, पण प्रोग्रामिंगची एक पायरी चुकली की पुढची सगळी अधांतरी राहते. म्हणूनच राज्य शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत मंजूर केलेली संत भगवानबाबा योजनेची ८२ वसतिगृहे, प्रत्येकी १०० जागांची, तंत्रशिक्षणाच्या दृष्टीनेही मोलाची आहेत. आईवडील फडात असताना मागे राहिलेल्या मुलांची संध्याकाळ तिथे लांबलचक असते. त्या वेळी दोन संगणक, चार-सहा सेन्सर आणि चुका होऊ देणारा एक शिक्षक मिळाला, तर प्रयोगासाठी वेगळा हौद शोधावा लागत नाही, कारण पाण्याची टाकी वसतिगृहाच्या छपरावर असतेच.