मोहाखाली पडलेलं शिंग

तुमच्या आजीच्या बटव्यात सांबरशिंग होतं का हो? आमच्याकडे होतं. बोटभर लांबीचा, एका बाजूने झिजलेला करडा तुकडा. छातीत कफ दाटला, पाठीत उसण भरली की सहाणेवर पाण्यात उगाळायचा आणि कोमट लेप लावायचा. तो येतो कुठून, हे घरात कधी कुणी विचारलं नाही.

तो येतो आमच्या चंद्रपूरकडच्या रानांसारख्या रानांतून. गाई-म्हशींची काय, काळविटाची काय, शिंगं जन्मभराची असतात. सांबर-चितळाचं तसं नाही. त्यांची शिंगं म्हणजे भरीव हाड, तेही फक्त नराला. वर्षाला ती गळतात आणि मखमली कातडीखाली काही महिन्यांत नवी उगवतात. चितळाच्या शिंगगळतीचा महिना ठरलेला नाही, पण सांबराची बहुधा मार्च-एप्रिलमध्ये पडतात. नेमका मोह टपटपतो तेव्हाच!

म्हणून ती दिसतात मोह वेचणाऱ्या बायकांना. आमच्याकडे रानभाजी घेऊन येणाऱ्या मावशींबरोबर मी एकदा पहाटे मोहाला गेले होते. तासभर वाकूनच माझी कंबर धरली. त्या मात्र टोपल्यामागून टोपली भरत होत्या. पाचोळ्यात मला एक वाळकी फांदी दिसली. उचलणार, तोच मावशी ओरडल्या, ''हात नको लावू बाई त्याले! सांबराचं हाय ते.''

मग लांबूनच त्यांनी दाखवलं. टोकाशी दातांचे चरे होते, ते साळिंदराचे. हाडातला चुना मिळावा म्हणून साळिंदर शिंग कुरतडतं. बूड गोलसर, खरबरीत होतं, म्हणजे ते आपसूक गळलेलं. जनावर मारून काढलेलं असतं तर बुडाशी कवटीचा तुकडा राहिला असता. ही पारख पुस्तकात वाचून आलेली नव्हे, बरं का.

मावशींच्या भीतीला कारण होतं. त्यांच्या जावेच्या घरी कुडाला दोन शिंगं अडकवलेली होती, ओले कपडे वाळत घालायला. कुणीतरी कळवलं, झडती झाली, गुन्हा दाखल झाला. पुढे नुसत्या तारखा, वकील आणि बसभाडं. मोहाचे दोन हंगाम त्यातच गेले.

1972 च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय अशी शिंगं घरात ठेवता येत नाहीत, विकता येत नाहीत. 2006 च्या वनहक्क कायद्याने मोह, तेंदू, मध वेचायचा हक्क दिला, पण वन्यप्राण्याचा कुठलाही अवयव त्यातून वगळला. अमेरिकेत वायोमिंगमधल्या जॅक्सन गावी स्काउटची मुलं अभयारण्यातली एल्क हरणांची शिंगं गोळा करतात, त्यांचा जाहीर लिलाव होतो आणि बराचसा पैसा अभयारण्यालाच मिळतो. मग आपल्याकडेच एवढं कडक का? मला विचाराल तर कायदा बरोबर आहे. शिंगाची सुरीची मूठ किंवा गुंडी झाली, की ते गळलेलं होतं की मारून काढलेलं, हे मावशींनाही सांगता येणार नाही. गळलेल्याच्या नावाखाली मारलेलंही खपेल. पण शिंगं विकत घेणारा व्यापारी सहसा सापडत नाही, सापडते ती कुडाला शिंग अडकवणारी बाई. हे काही मला पटत नाही.

तुमच्या जुन्या वाड्यात शिकारीच्या काळातली शिंगं असतील, तर मालकीचा दाखला आहे का, ते आधी बघा. 2003 मध्ये अशा वस्तू जाहीर करायला 180 दिवसांची मुदत दिली होती. दाखला असून ती ठेवायची नसतील, तर 2022 च्या दुरुस्तीनुसार मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवून सरकारजमा करता येतात. 2003 ची मुदत शहरातल्या दिवाणखान्यांना कळली असेल. मावशींच्या जावेला ती पहिल्यांदा कळली कोर्टात.